रिझल्टेड फ्रॉम

गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात मंजूषा अपघातांचे अहवाल इंग्रजीत लिहायची. परवा प्रेस मशीन अडकलं, ते सोडवायला कामगार ब्रिजेशने हात घातला आणि त्याची दोन बोटं चिरडली. तो अहवाल सकाळी मॅनेजर दाणीसाहेबांना पाठवून दुपारी ती डबा उघडत होती, तेवढ्यात तिला शंका आली. तिने वाक्य पुन्हा वाचलं. मशीन अडकल्याचा परिणाम म्हणून हात घातला, असं लिहायचं होतं; पण 'रिझल्टेड इन'च्या जागी 'रिझल्टेड फ्रॉम' पडलं होतं. म्हणजे ब्रिजेशने हात घातला, म्हणून मशीन अडकलं!

डबा तसाच टाकून ती केबिनकडे धावली. साहेबांच्या टेबलावर ब्रिजेशच्या नावाची नोटीस तयार होती. फक्त सही राहिली होती.

"सर, थांबा. चूक माझी आहे," तिने धापा टाकत तो शब्द दाखवला.

"एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात, मॅडम?"

"त्याच्यामुळे सगळा दोष ब्रिजेशवर जातोय, सर. आधी मशीन अडकलं, मग त्याने हात घातला."

साहेबांनी वाक्य दोनदा वाचलं. मग पेनाला टोपण लावून त्यांनी नोटीस फाडली.

"दुरुस्त करून पाठवा. मी इथेच आहे."

नवं वाक्य पाठवण्याआधी मंजूषाने ते चारदा वाचलं.