मॅटाडोरचे मागचे स्पीकर

रघूच्या हिशेबात मागचे दोन स्पीकर म्हणजे शिवराम पाटलाच्या घरची तीन लग्नं होती. माघात थोरला मुलगा, फाल्गुनात पुतणी, वैशाखात धाकटा. तिन्ही वऱ्हाडं आपल्या मॅटाडोरमधून गेली की पाटलाच्या सोयऱ्यांच्या सोयऱ्यांपर्यंत आपलं नाव जाणार, आणि पुढच्या साली लग्न ठरलेला माणूस भटजीच्या आधी आपल्या दारात येणार, असं तो धरून चालला होता. नाहीतर धर्मराज होताच. धर्मराजने नवी ट्रॅक्स आणली होती आणि तिच्यातला टेप असा धमधमायचा की बदलापूरच्या बाजारपेठेतून गाडी गेली तर भांड्यांच्या दुकानातल्या परातीसुद्धा साथ देत.

रघूची मॅटाडोर जुनी. मोरिवलीच्या एका कारखान्याने कामगार आणून आणून दमवलेली आणि मग विकलेली. पण इंजिन इमानदार होतं आणि पुढचे स्पीकर खणखणीत. रड होती ती मागची. मागच्या बाकांवर बसतात बायका आणि करवल्या, आणि त्यांना ऐकू येई ते गोधडीत तोंड खुपसून गायल्यासारखं.

शिवरामच्या मुलाच्या साखरपुड्याला ह्याच गाडीतून माणसं नेली, तेव्हा शिवरामची मुलगी वृंदा उतरता उतरता म्हणाली, "रघूकाका, तुमच्या गाडीत पुढे लग्न असतं आणि मागे दहावं!"

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. रघूही हसला, कारण गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं. पण घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

"पोरी बोलल्या म्हणून गाडी खोलायला निघालात," बायको बकुळा ताट उचलत म्हणाली. "मोरीतला बल्ब गेलाय म्हणून मी दिवाळीपासून बोलतेय, त्याचं काय?"

"मोरीतल्या बल्बने तीन लग्नं मिळतात का?"

"बाकी कुणी काय बोललं? त्या बनूआत्या?"

"त्या कुठे काय बोलतात! गप बसून असतात मागच्या कोपऱ्यात."

बनूबाई म्हणजे शिवरामची आत्या आणि त्या पट्ट्यातली जाणती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, तिच्या तोंडी, म्हणून रघूच्या गाडीतल्या बहुतेक वऱ्हाडांत ती असेच. ती म्हणाली तर मुहूर्त, ती म्हणाली तर मांडव. आणि रघूचं चुकलं ते इथेच. कुरकुर करणारी माणसं आणि ठरवणारी माणसं ही दोन वेगळी खाती असतात. रघूने पहिलं खातं बघितलं आणि दुसऱ्याचं पान उलटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये हासानंदकडे गेला. हासानंदचं दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं तर शेठला बाहेर यावं लागे. त्यामुळे सगळं काम रस्त्यावरच चाले आणि बघ्यांची करमणूक फुकटात होई.

"हासूशेठ, मागचे दोन काढा आणि नवे घाला," रघू म्हणाला.

"घालतो ना साईं. मी विकायलाच बसलोय, भजन करायला नाही. पण पहिले बीमारी बघू. नवीन पण नाही वाजला तर तू माझ्याच दुकानासमोर उभा राहून मला शिव्या देणार. मग धंदा कोण करणार?"

टेपवर एक खटका होता. तो पुढे फिरवला की आवाज पुढे जाई, मागे फिरवला की मागे. हासानंदने तो पार मागे फिरवला. मागून गुणगुण आली, जसं शेजारच्या चाळीत कुणाचं लग्न असावं. मग त्याने पुढचा एक चांगला स्पीकर काढून मागच्या वायरीला जोडला. तोही मिणमिणला.

"म्हणजे टेप बरोबर, स्पीकरचा पण सगळा गुन्हा नाही. ही वायर कसली रे?"

"दाराच्या बेलची. घरात उरली होती."

"आणि लावली कुणी?"

"मीच."

"वाटलंच मला." हासानंदने मागचे स्पीकर जागेवरच ठेवून एक साधा पेन्सिल सेल घेतला आणि त्याची टोकं मागच्या वायरींना टेकवली. डाव्या स्पीकरचा कागदी पडदा टप्पकन बाहेर आला. उजव्याचा टप्पकन आत गेला. "बघ. एकाचं प्लस-मायनस उलटं लावलंस. एक ढकलतो, दुसरा ओढतो. दोन साडूंनी एक खाट दोन दारांनी बाहेर काढायची ठरवली तर खाट कुठे जाणार?"

"कुठेच नाही."

"तुझा सगळा ढोलकीचा आवाज तिथेच अडकलाय, त्या खाटेवर."

बघे हसले. रघूही हसला, पण ह्या वेळी खरं हसला, कारण दुखणं सापडलं की अर्धं दुखणं जातंच. जाड वायर टाकली, प्लसला प्लस मिळालं आणि ढोलकीला जरा जीव आला. पण गोधडी काही पुरती निघाली नाही. हासानंदने मग मागच्या बाकाशेजारचे हार्डबोर्ड उघडले. जाळीचा एक कोपरा तुटलेला, आणि त्यातून आत कोंबलेल्या चिंध्या. लुगड्याचे तुकडे, नीट घडी घालून, एकावर एक. दाबून दाबून कागदी पडदा फाटला होता.

"उंदीर," रघू म्हणाला.

"उंदीर कुरतडतो, साईं. घडी घालत नाही."

रघूने त्या चिंध्यांकडे बघितलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. "धर्मराज!"

"कोण धर्मराज?"

"आहे एक. स्टँडवर गाडी उभी असते तेव्हा हेच उद्योग त्याचे."

हासानंदला धर्मराजशी देणंघेणं नव्हतं. माणूस रागावलेला असताना घासाघीस कमी करतो, एवढं त्याला माहीत होतं. त्याने लगेच दोन मोठे लंबगोल स्पीकर पुढे केले, त्यांना प्लायवूडची पेटी सुचवली, आणि पेटीवर लोखंडी जाळी, अशी की करंगळीसुद्धा आत जाणार नाही. रघू प्रत्येकाला हो म्हणाला. जुने स्पीकर हासानंदने "तुझ्यासाठी म्हणून" ठेवून घेतले.

नंतर दोन आठवडे रघूने स्टँडवरच्या प्रत्येक चहावाल्याला, पानवाल्याला धर्मराजचे प्रताप ऐकवले. धर्मराजच्या कानावर गेलं तेव्हा तो नुसता म्हणाला, "माझ्या गाडीवर जळतंय ते." त्यामुळे रघूची खात्री दुप्पट झाली.

माघातल्या लग्नाचं वऱ्हाड निघालं. बारवीच्या रस्त्यावरचं शिवरामचं गाव, नवरीचं घर अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे. पुढे रघूशेजारी फेटा बांधलेला नवरदेव, त्याच्याशेजारी दाराला चिकटून शिवराम. मागे बायका, करवल्या, आणि शेवटच्या बाकावर नारळ मांडीत घेऊन बनूबाई. रघूने टेप चालू केला आणि मॅटाडोर अंगात आल्यासारखी घुमली.

"आता कसं!" वृंदा किंचाळली. "रघूकाका, एक नंबर!"

रघूने आरशात बघितलं. पोरी बसल्या जागी नाचत होत्या. वैशाखापर्यंतची तिन्ही लग्नं त्याला आरशातच दिसली. उल्हास नदीचा पूल आला. मागच्या बायकांचे हात वर झालेले दिसले. रघूला वाटलं, आता थोरल्याही रंगात आल्या. त्याने आवाज आणखी वाढवला. हात आणखी वर झाले. मग त्याच्या मानेवर मूठभर तांदूळ आदळले. अक्षता! त्याने मान डोलावली. दुसरी मूठ जरा जोरात आली. पूल मागे पडला, वळणही मागे पडलं, आणि मग बाकांखालून गडगडत आलेला नारळ त्याच्या पायाला लागला.

अक्षता टाकतात, नारळ कुणी पायाखाली घालत नाही, हे रघूला कळत होतं. त्याने ब्रेक मारला आणि टेप बंद केला. गाडीत अशी शांतता झाली की नवरदेवाचा नवा बूट करकरला तोही ऐकू आला.

"रघ्या," मागून बनूबाईचा आवाज आला, "नदी गेली मागं?"

"गेली, आत्ये."

"मंग धवळा कोन बोलला? तुजी पेटी?"

शिवरामने कपाळाला हात लावला. त्यांच्या घरची रीत होती. नवरदेव नदी ओलांडणार तेव्हा गाडी अलीकडे थांबायची, धवलारणीने धवळा म्हणायचा, नारळ नदीला द्यायचा, आणि मग पार व्हायचं. साखरपुड्याला नवरदेव येत नाही, म्हणून तेव्हा हा प्रश्न आला नव्हता.

"थांब थांब म्हनून घसा सुकला माजा," बनूबाई म्हणाली. "नदीला न इचारता नवरा पार नेलास. शिवऱ्या, फुडची दोन लग्नां धर्मराजाच्या गाडीनं."

शिवरामने होकारार्थी मान हलवली. आत्याचा शब्द तो मोडत नसे.

तरी रघूने डोकं चालवलं. गाडी वळवली, पुलावरून परत नेली, पुन्हा वळवून नदीच्या अलीकडे उभी केली आणि स्वतः खाली उतरून बनूबाईला हात देऊन उतरवलं. बनूबाईने उन्हात उभं राहून धवळा म्हटला, सावकाश, एक ओळ न गाळता. बायकांनी मागून सूर धरला. वृंदा आणि तिच्या मैत्रिणीही पदर सावरून उभ्या राहिल्या आणि शब्द येत नसलेल्या जागी नुसते ओठ हलवत राहिल्या. नारळ पाण्यात गेला. म्हातारीचा चेहरा जरा निवळला.

"जुने स्पीकर बरे व्हते," ती गाडीकडे येताना म्हणाली. "त्यांचं त्वांड तरी बांधता येत व्हतं."

रघू जागीच थांबला. "म्हणजे त्या चिंध्या..."

"मंग कोन? दर लग्नाला एकेक घडी घालीत व्हते. बायांनी बोलायचं कवा, गायचं कवा? आता तू लोखंडाची जाळी ठोकलीस. बोट घालून बघितलां, जात नाय."

"आत्या!" वृंदा ओरडली. "आणि आमची गाणी?"

"तुमची गानी, तुमची गानी! धवळा काय मेल्यावर बोलू?"

इथे रघूला दोन्ही खाती एकदम दिसली. त्याने टेप पुन्हा चालू केला आणि खटका पार मागे फिरवला. पुढचे स्पीकर गप्प झाले. मग मागे जाऊन दोन्ही पेट्यांची मिळून आलेली एक वायर पकडीने तोडली, टोकं सोलली आणि दोन्ही टोकं बनूबाईसमोर धरली.

"ही घ्या, आत्ये. एकाला एक लावलं की वाजणार, सोडलं की गप्प. टेप माझा, तोंड तुमच्या हातात."

"शाक बसंल."

"मुंगीएवढाही नाही."

बनूबाईने वृंदाकडे बघितलं. "आदी तू धर गो. लय हौस ना तुला?"

वृंदाने धरलं, गाणं वाजलं, कुणी मेलं नाही. मग बनूबाईने टोकं हातात घेतली. लावली, ढोलकी. सोडली, शांतता. लावली. सोडली. चौथ्या वेळी तिच्या तोंडावर असं हसू आलं की शिवरामने हळूच रघूच्या पाठीवर थाप मारली.

अंबरनाथपर्यंत म्हातारीने राज्य केलं. पुढच्या चिंचेपर्यंत पोरींचं गाणं, चिंचेपासून वेशीपर्यंत बायकांच्या गप्पा, वेशीला धवळा. पोरी "आत्या, अजून थोडं" म्हणून तिचे पाय चेपू लागल्या, तशी तिने एक आख्खं गाणं बक्षीस दिलं. मांडवाशी उतरताना ती रघूला म्हणाली, "फागुनात हीच गाडी. पन ह्या दोऱ्या बऱ्या दिसत नाय. बटन बसव, माज्या कोपऱ्यात."

हंगाम सरला तेव्हा हिशेब असा लागला. स्पीकरची, पेटीची आणि जाळीची किंमत रघूने भरली, आणि तीन लग्नांत ती वसूल केली. जुने स्पीकर आणि नवं बटण, दोन्हीकडून हासानंदचं भलं झालं. धर्मराजला काही न करता दोन आठवडे चोर व्हावं लागलं. त्याची भरपाई रघूने सगळ्या स्टँडदेखत त्याच्या हातात चहा देऊन केली, आणि धर्मराजने तो दोनदा पिऊन व्याज घेतलं. पोरींनी गाण्यांची किंमत पाय चेपून चुकवली. बनूबाईने काहीच भरलं नाही. उरले पुढच्या बाकावरचे, म्हणजे तिन्ही लग्नांतले नवरदेव, मामे आणि शिवराम. पुढचे स्पीकर आता गप्प, त्यामुळे मागे काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, गाणं मध्येच तुटत होतं, आणि तक्रार करायची सोय नव्हती. खरं बिल त्यांच्याच नावावर गेलं.