गोधड्यांचा दगड

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. सिरसाळ्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठी माझा मुक्काम. घटस्थापनेआधी घरोघरच्या गोधड्या माझ्याकडे येत. दिवसभर मार खाणं हेच माझं काम, तरी त्या आठवड्यात माझा तोरा पाहण्यासारखा असे.

मित्रांनो, मला आणखी एक मान होता. माझ्या पायाशी पाणी गढूळ झालं, की वरच्या डोंगरावर पाऊस झाला हे बायका ओळखत. मग हातातली गोधडी नीट पिळून सावकाश वर जात. तेवढा वेळ नदी देत असे. डोंगरावर गवत होतं, सीताफळीची झाडी होती. पाणी तिथे जिरत, झिरपत खाली येई. उन्हाळ्यातही माझ्या पायाशी ओल असे.

पुढे त्या उतारावर जेसीबी फिरला. झाडी गेली, माती उघडी पडली. पाऊसही लहरी झाला. महिनाभर तोंड दाखवत नाही आणि एका दुपारी सगळा कोसळतो. आता गढूळ पाण्यामागोमाग लोंढा येणार, हे मला कळत होतं, पण दगडाचं कोण ऐकतो?

गेल्या वर्षी साखराबाई सुनेला, मंजुषाला घेऊन धुण्याला आली. पाणी गढूळ झालं.

"आत्या, चला वर," मंजुषा म्हणाली.

"आगं, लई येळ हाय. माज्या आईच्या हातची गोधडी हाय ही, पिळू दे."

ती माझ्याच भरवशावर बोलत होती. मला फार वाईट वाटलं.

गोधडी अर्धीही पिळून झाली नव्हती, तोच लोंढा आला. भिजलेली गोधडी साखराबाईला ओढू लागली. मंजुषाने एका हाताने मला कवटाळलं, दुसऱ्याने सासूचा दंड धरला.

"सोडा ती. मला तुमी पायजेत, गोधडी न्हाई."

साखराबाईने मूठ उघडली. मी रुतून बसलो. दुसरं मला येतं तरी काय? दोघी कशाबशा काठाला लागल्या. गोधडी मात्र गेली.

यंदा साखराबाई नातवंडांना घेऊन आली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्याच्यावर आता इसंबू नगा. पाणी गढूळ दिसलं की पळा."

ती खरं तेच बोलली, तरी माझ्या जिवाला लागलं.

मित्रांनो, तुम्ही पळाच. पण मोठे झालात की डोंगरावर पुन्हा गवत वाढू द्या, पाणी जिरू द्या. गढूळ पाणी पाहूनही एखादी बाई माझ्यावर सावकाश गोधडी पिळेल, त्या दिवसाची मी वाट पाहतो आहे.