व्हॉल्व्ह वाढलाय

विम्याचा माणूस घरी येणार म्हणून मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते. घाबरले की मी अशीच वागते. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि अशा वेळी कोणी परका माणूस आमच्याच खुर्चीत बसून लग्नात काय काय वाईट घडू शकतं याची उजळणी करणार, म्हणजे काय! पण हॉलच्या मालकिणीने साफ सांगितलं होतं, विमा नाही तर हॉलची किल्ली नाही. अडला हरी, दुसरं काय.

आमच्या घरात अभद्र बोलायचं नाही, हा माझा नियम. मोडलं, फुटलं, संपलं, बंद पडलं, हे शब्द इथे चालत नाहीत. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ असं सगळेच म्हणतात. मी तो शब्द सगळ्यालाच लावला. कप वाढला, बल्ब वाढला, शिवताना सुई वाढली. हसणारे हसतात, हसोत बापडे. आमचे हे पाण्याचे पंप दुरुस्त करतात. एकदा सवयीने त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, “तुमचा पाईप वाढलाय,” तर तो बिचारा टेप घेऊन मोजायला निघाला.

तर तो विम्याचा पोरगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट. पाणी प्यायला आणि ग्लास खाली ठेवायच्या आत सुरू झाला, “काकू, समजा आदल्या दिवशी हॉलला आग लागली...”

“शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!” मी म्हणाले.

लेक फिस्सकन हसली. तेव्हापासून तो आमच्यासाठी नाऱ्याच झाला.

पण नाऱ्या काही थांबेना. हॉलमध्ये पाणी शिरलं तर. दागिने चोरीला गेले तर. एखादा पाहुणा जिन्यावरून घसरला तर. फोटो काढणारा आलाच नाही तर. वास्तू तथास्तु म्हणत असते, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी मनात म्हणत होते, नको गं बाई, याचं काही ऐकू नकोस.

“लहानातला लहान विमा दे,” मी म्हटलं. “नुसता हॉलचा. बाकीचं काही होत नाही.”

“आई, मोठाच घेऊ,” लेक म्हणाली. “त्यात लग्न पुढे ढकलावं लागलं तरी भरपाई मिळते.”

“ढकलायचं कशाला? काय हौस आहे?”

नाऱ्याने घसा साफ केला. “मोठ्या विम्यात एक गोष्ट विचारावी लागते, काकू. कुणाचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही लग्न थांबवाल? त्या माणसांची नावं द्यावी लागतात.”

असा प्रश्न लग्नघरात विचारतात? लेकीला मात्र त्यात काही वाटलं नाही. आजकालच्या मुली! ती बोटांवर मोजत सांगू लागली, “मी. नवरामुलगा. त्याचे आईबाबा. माझे आईबाबा.”

हे खिडकीपाशी स्टुलावर बसून मोरीच्या नळाचा वायसर बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “माझं नको घालू.”

“का हो बाबा?”

“नको. उगाच हप्ता वाढायचा.”

“नाही काका,” नाऱ्या म्हणाला, “हप्ता तेवढाच राहतो. फक्त प्रत्येकाबद्दल विचारतो, सध्या काही आजार आहे का, डॉक्टरांनी काही सांगितलंय का.”

“म्हणूनच नको म्हणतो.”

खरं सांगते, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हे खोटं बोलत नाहीत. त्यांना ते जमतच नाही. भाजी खारट झाली तर पाहुण्यांसमोर सांगतात. ज्या माणसाला खोटं बोलता येत नाही, तो फार तर एवढंच म्हणू शकतो, की मला विचारूच नका.

आणि मग एकेक आठवायला लागलं. जिना चढताना हे मधल्या पायरीवर थांबतात आणि उगाच भिंतीकडे बघतात. मोजे काढले की पायावर खोल वळ उमटलेले असतात. हल्ली उशाला दोन उशा घेतात. मी म्हणायचे, लग्नाची दगदग. सगळ्यालाच लग्नाची दगदग म्हणत होते मी.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला बरं नाही का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नवल होतं. “अगं, तुला सांगितलंय की.”

“कधी?”

“जेवायला बसलो होतो तेव्हा. तू हिच्या ड्रेसच्या बाह्या उसवत होतीस. मी म्हटलं नाही का, डॉक्टरांकडे गेलो होतो, व्हॉल्व्ह वाढलाय, बदलावा लागेल म्हणून.”

अगं आई गं.

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. आणि डॉक्टरांच्या बंगल्यातला पंप हेच बघतात! मी कात्रीवरून नजरही उचलली नव्हती. म्हटलं होतं, “बदला की मग. पण आधी लग्न होऊ द्या. आत्ता नवं काही काढू नका.”

“तो... तुमचा व्हॉल्व्ह होता?”

“मग कुणाचा?” हे म्हणाले. “हृदयाचा. तू म्हणालीस लग्नानंतर, म्हणून मी गप्प बसलो. उलट बरं वाटलं मला. म्हटलं, एवढी घाबरट बाई, पण कशी धीराने घेतलीन.”

लेक उठून उभी राहिली होती. मी यांच्या हातातला नळ काढून घेतला. “डॉक्टर काय म्हणाले? आपल्या घरातला शब्द नको. त्यांचा शब्द सांगा.”

इतक्या वर्षांची सवय, यांची जीभ रेटेना. लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, परवानगी मागावी तसं.

“सांगा म्हणते ना!”

“पार खराब झालाय म्हणाले. कधीही बंद पडेल. थांबू नका म्हणाले.”

आणि हा माणूस थांबला होता. माझ्या शब्दाखातर थांबला होता. छातीत तसला व्हॉल्व्ह घेऊन लोकांच्या टाक्यांवर चढत होता.

नाऱ्याने टॅबलेट बंद केला. “काकू,” तो हळूच म्हणाला, “आधीचा आजार असेल तर मोठ्या विम्यात...”

“विमा गेला खड्ड्यात,” लेक म्हणाली आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दारातून तिचा आवाज येत होता. “हो, लग्न पुढे. नाही, तारीख नाही माहीत. बाबांना आत्ता नेतोय.” एरवी मी तिच्या तोंडावर हात ठेवला असता.

“अगं, हॉल ठरलाय, पत्रिका वाटल्यात,” हे म्हणाले. “एवढं लग्न उरकू द्या ना.”

“उठा,” मी म्हटलं. मला दुसरा शब्दच सुचेना.

“माझी गाडी खाली आहे,” नाऱ्या म्हणाला. लेक पैसे आणि कागद घेऊन मागून येणार होती. जिना उतरताना त्याने यांचा एक दंड धरला, मी दुसरा. मधल्या पायरीवर हे थांबले आणि भिंतीकडे बघू लागले. या वेळी मीही थांबले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. घरात शिलाई मशीनच्या आवाजात तो मला कधी ऐकूच आला नव्हता.

गाडीत यांच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मला ती सोसेना. “बोल रे काहीतरी,” मी नाऱ्याला म्हटलं.

“काय बोलू, काकू? माझ्या तोंडून वाईटच निघतं.”

हॉस्पिटलात टेबलापाशी एक नर्स कॉम्प्युटरवर नोंदी करत होती. “काय त्रास?” तिने मान वर न करता विचारलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “व्हॉल्व्ह वाढलाय.”

“वाढलाय म्हणजे, मोठा झालाय?” ती म्हणाली आणि तसंच लिहायला लागली.

तिची बोटं चालताना मी बघत होते. आणि मग मी ओरडले, अख्खी रांग वळून बघेल एवढ्या मोठ्याने. “मोडलाय! मोडलाय हो तो, खराब झालाय, कधीही बंद पडेल! लिहा तसं! आणि आत्ता बघा यांना, आत्ता!”

बोलून गेले आणि अंग चोरून उभी राहिले, आता काहीतरी कोसळणार म्हणून. कोसळलं काही नाही. नर्स ताडकन उठली, तिने आत हाक मारली, चाकांची खुर्ची आली.

खुर्चीत बसताना हे माझ्याकडे बघून हसले. ओठ निळसर दिसत होते. “अगं, हळू,” म्हणाले. “घरातला नियमच वाढवलास की.”

मला हसू आलं नाही. मी त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि तो सोडा म्हणून नर्सला मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.