बेटावर उधळलेला भंडारा

मी एक जुनी काळी घोंगडी आहे आणि मित्रांनो, आज मी भयंकर चिडलेली आहे. गोड बोलणं जमणार नाही.

माझी लोकर कन्हेरीच्या आप्पांच्या मेंढ्यांची. त्यांच्या बायकोने, म्हाळसाबाईंनी ती कातली आणि इंदापूरकडच्या सनगराने मला विणून चिंचोक्याची खळ दिली. उन्हापावसात मी आप्पांच्या खांद्यावर असे. पाहुणा आला की मला अंथरत, आणि पायताण घालून माझ्यावर पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्यांचा शंभूराज तान्हा असताना माझ्यातच झोपायचा. मला ओलीही पुष्कळदा केली त्याने. पुढे मेंढ्या गेल्या, शेती आली, म्हाळसाबाई वारल्या आणि मी माळ्यावर गेले. त्याचा मला राग नाही.

राग पुढचा आहे. शंभूराज आता जळोचीत फ्लॅट घेऊन राहतो. यंदा तो आणि त्याची बायको सृष्टी ग्रीस बघायला निघाले. आप्पांनी मला माळ्यावरून काढलं, उन्हं दाखवली आणि लांबच्या वाटेला निघताना राखणीला घालायचे तसा घडीत मूठभर भंडारा घातला. समुद्रावर वारं लागतं, घेऊन जा आणि आठवणीने परत आण, म्हणाले. म्हाळसाबाईंच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. शंभूराजने तोंड वाकडं केलं, पण बापापुढे मला पिशवीत भरलं.

हायड्रा नावाच्या बेटावर त्यांची एका दिवसाची सहल होती. बोटीतून उतरल्यावर समोर पांढरी घरं, निळंशार पाणी, आणि मोटारी नाहीतच. सामान वाहायला गाढवं. सहलीतल्या मराठी जोडप्यांनी फोटोसाठी ठरवून पांढरेशुभ्र कपडे घातले होते. उंचावरच्या कठड्यापाशी सगळे थांबले. दगड तापले होते, म्हणून बसायला या शहाण्याने मला पिशवीतून ओढलं आणि भर वाऱ्यात फाडकन झटकलं.

झालं! आप्पांचा सगळा भंडारा उडाला. शंभूराजच्या सदऱ्यावर, सृष्टीच्या झग्यावर, शेजारच्या जोडप्यांवर. घामावर चिकटला, पुसावा तसा पसरत गेला. एक बाई करवादल्या, हे घाणेरडं कांबळं कुणाचं? आणि ज्याला मी पोटाशी घेऊन वाढवलं तो म्हणाला, हॉटेलातलं चुकून पिशवीत आलं असेल. एवढ्यावर थांबला नाही. माझा बोळा करून त्याने मला कचऱ्याच्या पिंपात कोंबलं, आणि वरून बुटाने दाबलं. बुटाने, मित्रांनो!

सृष्टी पिंपापाशी आली. तिने मला बाहेर काढलं, चिकटलेला आइस्क्रीमचा कप सोडवला आणि सगळ्यांदेखत खांद्यावर घेतलं.

"ही माझ्या सासूबाईंनी कातलेल्या लोकरीची घोंगडी हाय," ती त्या बाईंना म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "लग्नात ह्याच भंडाऱ्यानं माखला हुता तुमी. तवा लाज वाटली न्हाय. आप्पांना काय सांगणार हुता?"

"हरवली म्हणलो असतो," शंभूराज म्हणाला.

परतीच्या बोटीवर वारा सुटला. सृष्टी मला पांघरून बसली होती. तो पातळ सदऱ्यात कुडकुडत होता. बराच वेळ तिने त्याला तसंच ठेवलं, मग न बघताच माझं एक टोक त्याच्याकडे टाकलं. तो आत शिरला. मला त्याला चावावंसं वाटत होतं. पण मला ऊब देण्यावाचून दुसरं काही येत नाही.

घरी आप्पांनी माझी घडी उलगडली. भंडारा नव्हता. भंडारा कामी आला, देवानं वाटंत राखलं पोरांना, असं म्हणत ते केवढे हरखले. शंभूराज खाली बघत बसला. सृष्टीही गप्प राहिली, आप्पांसाठी.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना माळ्यावर टाका, कसर लागू द्या, मी कुरकुरणार नाही. पण चारचौघांत कुणी विचारलं, हे कुणाचं, तर सांगा, आमचं आहे.