शेवटचा डबा

रेवणसिद्धची गिरणी सकाळी आठला सुरू व्हायची आणि पावणेआठलाच सिताबाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन घरातून निघायची. वाटेत जो भेटेल त्याला ती "राम राम" घालायची. उत्तर कोणी देत नसे. चौदा महिने झाले, दिलं नव्हतं. तरी ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून राम राम घालायची, आणि माणसं एकदम आभाळाकडे, म्हशीकडे नाहीतर मोबाइलकडे बघायला लागायची. आभाळात काही नसायचं.

लोहाऱ्याहून जीपने अर्ध्या तासावरचं हे गाव. गिरणीचा रिवाज साधा होता. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. बायका भिंतीलगत डबे ओळीनं मांडून घरच्या कामाला निघून जायच्या. नंबर डबा धरायचा. फक्त सिताबाईचा डबा पहिला ठेवला तरी पायानं सरकत सरकत शेवटी पोचायचा. तो शेवटी पोचला की रेवणसिद्ध गिरणी बंद करायचा. सुरुवातीला म्हणायचा, "लाइट गेली, काकू." डोक्यावर पंखा गरगरत असायचा. मग त्यालाही लाज वाटली असावी, काहीच म्हणेनासा झाला.

गुन्हा काय होता? सिताबाईची लेक ज्ञानेश्वरी तुळजापुरात दवाखान्यात नर्स होती. तिनं परजातीतल्या एका शिक्षकाशी लग्न केलं, चोरून नाही, आईला सांगून. भावकीचे पंच हरिबाआबा यांनी बैठक बोलावली आणि निवाडा दिला: पोरगी मेली म्हणायचं. नुसतं म्हणून भागणार नव्हतं. जित्या पोरीचा दहावा घालायचा, पिंड ठेवायचा, भावकीला जेवू घालायचं. मग सगळं गोड.

"नऊ महिने पोटात वागवलं तिला," सिताबाई भर बैठकीत म्हणाली. "जित्या लेकराचा पिंड म्या ठेवायची न्हाय."

त्या दिवसापासून घर वाळीत पडलं. तिला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, दारावर दगड टाकला नाही. फक्त बोलायचं सोडलं. अंगावर वळ नाही म्हणून गाव स्वतःला सज्जन समजत होतं. हरिबाआबा तर अभिमानानं सांगायचे, "आमी हात लावलाय का कुणाला?" भावकीबाहेरचे लोकही गप्प बसले. आबांशी वाकडं कोण घेणार?

सिताबाईचा नवरा पाच वर्षांमागं गेला होता. मुलगा भागवत दिवसभर लोहाऱ्याला ट्रॅक्टरच्या गॅरेजात. घरात चार शेळ्या. चुलीपाशी बसून ती शेळ्यांशी बोलायची. मग आपणच आपला आवाज ऐकून दचकायची. दुपारी एकला ज्ञानेश्वरीचा फोन यायचा. त्या फोनसाठी ती सकाळपासून दोन-चार वाक्यं जपून ठेवायची. माणसाला अन्नाइतकीच दुसऱ्याच्या आवाजाची गरज असते, हे तिला या वयात कळलं.

बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, हे ज्ञानेश्वरीनंच सांगितलं. तालुक्याला अर्ज लिहूनही झाला. पण गावातला एक तरी साक्षीदार हवा होता. अर्जातली ती जागा कोरीच राहिली.

"पीठ मी लोहाऱ्याहून आणतो की," भागवत चिडून म्हणायचा. "कशाला जातीस रोज अपमान करून घ्यायला?"

"पिठासाठी जात न्हाय रे. माझा नंबर हाय तिथं, म्हणून जाते."

भागवतला ते पटत नसे. पालथ्या घड्यावर पाणी, असंच त्याला वाटायचं.

दिवाळीनंतर मात्र एक नवल घडलं. सिताबाईचा डबा एके दिवशी शेवटी नव्हता. शेवटून तिसरा होता. आठवड्यानं तो आणखी पुढं गेला. ती शेळ्यांना पाणी दाखवायला घरी गेली की तेवढ्यात कोणीतरी सरकवत होतं. तिचा मधला डबा ओलांडून पुढचा उचलताना रेवणसिद्धचा हात आता अडखळायचा.

"ग्यानू, आज पुढनं पाचवा होता बघ," तिनं फोनवर सांगितलं. आवाजात किती दिवसांनी हसू होतं. लेक मात्र पलीकडे रडत होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हरिबाआबांचा पुतण्या रणधीर गिरणीवर आला. ओळीत पाचवा असलेला तो डबा त्यानं ओळखला. उचलला, आणि सगळ्यांच्या देखत रस्त्यावरच्या सांडपाण्याच्या चिखलात पालथा केला. सिताबाई पुढं झाली. खाली बसली आणि चिखलातून ज्वारी वेचायला लागली. दहा-बारा जण उभे होते. एकही वाकला नाही.

भागवत त्या दिवशी घरीच होता. चिखलाची ज्वारी घेऊन सिताबाई घरी आली आणि त्याला हे कळलं, तेव्हा तो जेवत होता. ताटावरून उठला, कोयता घेतला, आणि मागून धावणारी सिताबाई पोचायच्या आत गिरणीत शिरून त्यानं पट्ट्यावर घाव घातला. रेवणसिद्ध आडवा आला. दुसरा घाव त्याच्या तळहातावर बसला. पांढऱ्या पिठावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. ज्यानं ज्वारी सांडली त्याला खरचटलंसुद्धा नाही.

रेवणसिद्धला दवाखान्यात नेलं, सात टाके पडले. त्याच दुपारी मायलेक उंबऱ्यावर बसले होते.

"चौदा महिने बसलीस, काय भेटलं?" भागवत म्हणाला. "म्या एक घाव घातला तर सारं गाव बोलाया लागलं."

"लागलं की. पर कशावर बोलतंय? सकाळी ज्वारी कुणी सांडली ते बोललं असतं. आता कोयता कुणी चालवला, तेवढंच बोलतंय." तिनं सुपातल्या ज्वारीतला चिखलाचा खडा वेचून टाकला. "पाचवा होता रे माझा डबा."

भागवतनं तोंड फिरवलं. तिलाही त्याच्यावर रागावता येईना. चूक त्याची होती आणि दुःख दोघांचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन गिरणीवर गेली. बंद गिरणीसमोर गाव जमलं होतं, हरिबाआबा खुर्चीत बसले होते. सिताबाई सरळ रेवणसिद्धपुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, पोरानं पाप केलं. पदर पसरते. पट्टा त्योच बसवून देईल. तुला केस करायची तर कर, म्या खोटं बोलणार न्हाय."

रेवणसिद्धनं बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. "केस नको, काकू. पट्टा बसवा म्हंजे झालं." भागवतला पुढं होऊन त्याचे पाय धरताना रडू कोसळलं.

हरिबाआबा हसले. "माफी मागायची अक्कल आली म्हणायची. मग आता लेकीचा दहावाबी घाल, समदं एकदमच मिटवू."

"आबा, तुमी वडीलधारे," सिताबाई म्हणाली. "पट्ट्याची माफी मागितली. ह्याच्या हाताची मागितली. ती माझ्या पोराची चूक. माझ्या लेकीनं कुणावर कोयता चालवलाय, म्हणून तिचा पिंड ठेवू?"

कोणी तिच्या बाजूनं उभं राहिलं नाही. भागवत पट्ट्याचं माप घ्यायला मागं थांबला, ती एकटीच घरी आली.

चौथ्या दिवशी गिरणी सुरू झाली. सिताबाईनं डबा आणला. तो सरकत सरकत शेवटी गेला. ती भिंतीला टेकून बसली. पूर्वीच्या चौदा महिन्यांत बसताना निदान राग सोबत असायचा. आज तोही नव्हता.

ओळ संपत आली तेव्हा सिद्धम्मा आली. सत्तरीची, एकटी राहणारी. ना भावकीतली, ना जातीतली; गाव तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं. तिनं डोक्यावरचा डबा उतरवला आणि सिताबाईच्या डब्यामागं ठेवला.

"अव्वा, पुढं घ्या डबा," रेवणसिद्ध म्हणाला.

"न्हाय बा. माझा नंबर हिच्या मागं हाय. आधी हिचं दळ, मग माझं."

रेवणसिद्ध हरिबाआबांच्या घराच्या दिशेनं बघत राहिला. मग त्यानं गिरणी बंद केली. दोन डबे भरलेलेच राहिले.

"माझ्यापायी तुमचं दळण ऱ्हायलं, अव्वा," सिताबाई पुटपुटली.

"ऱ्हाऊ दे. आज घुगऱ्या शिजवीन." सिद्धम्मा गुडघे धरत तिच्याशेजारी बसली. "इतके दिस चोरून सरकवत हुते यव्वा तुझा डबा. कुणी बघंल म्हणून जीव उडायचा. चिखलात सांडला तवा बी नुसती उभी ऱ्हायले. म्या तवाच वाकले असते तर तुझ्या पोरानं कोयता घेतलाच नसता."

गिरणी थांबल्यामुळं फार शांत वाटत होतं. त्या सकाळी न वाकलेले बाकीचे आपापल्या घरी ताज्या पिठाच्या भाकरी थापत होते. तुम्ही-आम्ही बहुतेक त्यांच्यातलेच.

"तुझ्या त्या अर्जाला साक्षीदार लागतोय म्हणं," सिद्धम्मा म्हणाली. "मला सही येत न्हाय. अंगठा चालतोय का?"