शेवटचे बारा

अप्पांनी बाराव्या चकतीवर गोंद पसरला, चहाच्या चमच्याने त्यावर बारीक वाळू भुरभुरली आणि टिचकी मारून जास्तीची झटकून टाकली. कोटाच्या बटणाएवढ्या बारा चकत्या खिडकीपाशी वाळत होत्या. प्रत्येकीच्या मधोमध सैनिकाच्या दोन पावलांपुरती जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

ही वाटणी सहा वर्षांपूर्वीची. युद्धाच्या खेळातले बोटभर उंचीचे सैनिक सुनेने रंगवायचे, त्यांच्या पायाखालची जमीन सासऱ्याने करायची. मग हा खेळ खेळणाऱ्यांच्या क्लबातल्या टेबलावर त्यांना लढायला उभं करायचं आणि हरायचं, हे काम अप्पा एकटेच इमानेइतबारे पार पाडत. उभं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेल्यामुळे चिखल, खडी, वाळकं गवत त्यांना हुबेहूब जमायचं. सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांना रंग द्यायची. तिला सैनिकाची भुवईसुद्धा अवघड नव्हती. मुलगा हसायचा. म्हणायचा, तुम्ही दोघं एकमेकांना दत्तक घ्या, म्हणजे मी सुटलो.

तो खरंच सुटला. मागच्या आठवड्यात त्याचा आणि सुनेचा रीतसर घटस्फोट झाला. परवा तिने फोन करून सांगितलं, शेवटचे बारा तयार आहेत, आणून देते. अप्पा बरं म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. हे बारा एकदा पोचते झाले की तिला या घरी यायला निमित्त उरणार नव्हतं. आणि आपण होऊन ये म्हणायचं, तर कोणत्या नात्याने म्हणायचं, हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.

ती आली ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकली. अप्पांना ते फार लागलं. तिने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, पावसाने कसा वैताग आणलाय ते सांगितलं, आणि खोका पुढे सरकवला.

अप्पांनी झाकण काढलं. निळे कोट, पितळी बटणं, चेहरे, सगळ्यांवर पांढुरकी साय धरली होती. दमट हवेत वॉर्निश फवारलं की असं होतं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. आणि ही बाई तर आधी आभाळ बघून मगच वॉर्निशच्या डब्याला हात लावणारी. एकदा ढगाळ दिवशी फवारा मारला म्हणून तिने अप्पांचीच चांगली खरडपट्टी काढली होती. या आठवड्यात तर पावसाने एक दिवस उघडीप दिली नव्हती.

तसं बिघडलं काहीच नव्हतं. तेलाचा हलका हात फिरवला की तो पांढरेपणा जातो. पाच मिनिटांचं काम, आणि ते तिनेच त्यांना शिकवलेलं. ती आता तेल मागेल म्हणून अप्पा वाट बघत राहिले.

तिने एक सैनिक उचलून उजेडात धरला.

"वाया गेले, अप्पा," ती म्हणाली. "सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"बाराच्या बारा?"

"हो. आणि लॅबमुळे वेळ कुठे मिळतो? महिन्याला एखादा होईल फार तर."

नोकरीत अप्पांनी कुणाच्याही सांगण्यावरून इंचभर हद्द इकडची तिकडे केली नव्हती. त्यापायी साहेबांशी वैर घेतलं होतं, बदल्या सोसल्या होत्या. त्यांनी तिच्या हातातला सैनिक घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ नेऊन सावकाश, चहूबाजूंनी तपासला.

"खरंय," ते म्हणाले. "याला दुसरा इलाज नाही."

अप्पांनी अकरा सैनिक खोक्यात नीट लावले, बारावा त्यांच्या शेजारी ठेवला आणि झाकण लावून खोका तिच्याकडे दिला.

"एक झाला की एक आणून दे," ते म्हणाले. "बारा व्हायची वाट बघू नकोस."