गालांवरची लाली

"एक डॉक्टर म्हणाले टेन्शन घेता. दुसरे म्हणाले वय झालं. तिसऱ्यांनी तर कहरच केला. म्हणे मूल होऊ द्या, सगळं दुखणं आपोआप थांबेल. झालं मूल! नववीत आहे ते आता. थांबलं का काही?"

कोचचा आवाज केबिनबाहेर गेला असणार, कारण नवऱ्याने उठून दार नीट लोटलं. पोहण्याच्या तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोरांना हाका मारून घडलेला तो आवाज, त्याला हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं. तलावावर तिला सगळे कोचच म्हणत. पाण्यातून काठावर ती एका झटक्यात यायची. गेल्या महिन्यात मात्र हात काठावर टेकले आणि मनगटांनी दगा दिला. चिल्लीपिल्ली बघत असताना दोन पालकांनी तिला काखांत हात घालून ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून ती धुमसत होती.

डॉक्टरीण तरुण होती. तिने कोचला बोलू दिलं, मग रिपोर्ट पुढे सरकवले.

"तुम्हाला ल्युपस आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि आपल्याच सांध्यांना, कातडीला, कधी किडनीला शत्रू समजून झोडपते. तुमची किडनी सध्या ठीक आहे. औषधं आहेत. आजार पुरता जात नाही, पण ताब्यात राहतो."

"मला? अहो, मला साधी सर्दी होत नाही. अख्खा तलाव शिंकत असतो तेव्हा मी ठणठणीत असते."

"बायकांची प्रतिकारशक्ती बहुतेक वेळा पुरुषांपेक्षा तिखट असते. एरवी फायद्याची, पण बिघडली तर घरच्यांवरच उठते."

"तरीच," नवरा म्हणाला. "बाहेर सगळ्या बायकाच बसल्यात. मला वाटलं, चुकीच्या दारात आलो."

"या आजाराच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात."

"का?" कोचने विचारलं. विचारलं कसलं, फेकून मारलं. "आम्हीच का?"

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाही. हार्मोन्सचा हात आहेच. अलीकडे आणखी एक गोष्ट सापडलीय. बाईच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या पेशीत एकच. दोन्ही पुरती चालू राहिली तर गोंधळ होईल, म्हणून पेशी त्यातल्या एकाला गप्प करते. त्यासाठी एक लांबलचक रेणू त्याच्यावर गुंडाळला जातो, त्याला खूप प्रथिनं चिकटतात. काहीजणींची यंत्रणा त्या गुंडाळीलाच परकी समजत असावी आणि लढाई सुरू होत असावी, असं संशोधक म्हणतात."

"म्हणजे गप्प करण्यातूनच दुखणं."

"असं म्हणा हवं तर," डॉक्टरीण किंचित हसली. "घरात आणखी कोणाला होतं? सांधे सुजणं, प्रचंड थकवा, ऊन सहन न होणं? नाकावरून दोन्ही गालांवर लाली?"

कोच खुर्चीत पुढे सरकली.

"माझी आई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मी पाचवीत असताना गेली. शेवटी पाय सुजले, किडनी गेली."

"मी तपासलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही," डॉक्टरीण सावकाश म्हणाली. "पण जुळतंय सगळं."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "घरी जाऊन पड जरा."

"बाबांकडे सोड मला."

"आत्ता? अगं, ऐंशीच्या घरात आहेत ते."

"आई चाळिशीच्या आत गेली. सोड."

बाबा दुसऱ्या मजल्यावर राहत. सोबतीला त्यांची विधवा बहीण, म्हणजे कोचची आत्या. दुपारचा चहा चालला होता. कोच बसली नाही. तिने उभ्या उभ्याच आजाराचं नाव सांगितलं, काय होतं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आईला हेच असणार."

"तुझ्या आईला?" आत्याने कप ठेवला. "तिला काय धाड भरली होती? गाल बघायचे होतेस, टोमॅटोसारखे लाल! आणि म्हणे, हात उचलत नाही."

"ती लालीच आजार होता, आत्या."

आत्याने बाबांकडे बघितलं.

"कामाचा कंटाळा म्हणायचात तुम्ही सगळे. नाटकं म्हणायचात. आणि बाबा, तुम्ही तिला गच्चीवर उन्हात बसवायचात. रोज. अंगात जरा तरतरी येऊ दे म्हणून. ऊन विष असतं या आजारात! खाली यायची तेव्हा भिंत धरून यायची. मला आठवतंय, मी तिच्या मागे असायचे."

"अगं बेबी, मला काय ठाऊक?" बाबांनी कप बाजूला सारला. "तेव्हा डॉक्टरांना तरी कुठे कळत होतं?"

"डॉक्टरांना कळत नसेल. पण नेलंत कधी? पाय सुजून चपलेत मावेनात तेव्हा नेलंत. त्याआधी एकदा तरी विचारलंत, कुठे दुखतंय म्हणून?"

"वहिनींनी कधी सांगितलं नाही गं," आत्या पुटपुटली.

"सांगितलं! सांगितलं की तुम्ही हसायचात!" कोचचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला असेल. शेजारचं दार उघडून पुन्हा लागलं. "मग तिने सांगणं सोडलं. आणि तुम्ही म्हणालात, बघा, झाली बरी."

चहावर साय धरली. कोचचे गुडघे आता उभं राहू देत नव्हते, पण त्या घरात बसायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. पर्स खांद्याला अडकवून ती दाराशी गेली.

"कण्हायची ती," बाबा मागून म्हणाले. खुर्चीच्या दांड्याकडे बघत, जणू त्या लाकडालाच सांगत होते. "स्वयंपाकघरात. मला ऐकू यायचं. मी रेडिओ मोठा करायचो."

कोच वळली. तिला वाटलं होतं, ते नाकारतील, चिडतील, रडतील. कशालाही तिच्याकडे उत्तर होतं. मग तिने चपला घातल्या. सुजलेल्या बोटांनी पट्टा लागायला वेळ लागला. आत्या वाकून मदत करायला आली तर तिने पाय मागे घेतला.

जिना अरुंद होता. कोच तिरकी होऊन उतरू लागली. दोन्ही हातांनी कठडा धरायचा, एक पाय खाली, मग त्याच पायरीवर दुसरा. वर दारात बाबांची पावलं वाजली.

"हात देऊ का गं?"

"नको."

"दुखतंय फार?"

"हो," ती म्हणाली. "फार दुखतंय."

तिने मान वर केली नाही आणि घाईही केली नाही. एकेका पायरीवर थांबत, श्वास घेत ती उतरत राहिली. वर म्हातारा दाराची चौकट धरून उभा होता, आणि ती वळणाआड जाईपर्यंत तसाच बघत राहिला.